हिरव्याच्या जागी तपकिरी

अण्णा,

आपला रविवारचा गट संपला. तुम्हाला हे कुणीतरी कळवायला हवं आणि कळवणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी चार ओळी लिहाव्यात असं वाटलं नाही, आणि आज वाटतंय तेही फक्त आठवण येते म्हणून नाही. तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती ज्यांना ठाऊक असू शकली असती ती माणसं एकेक करून गेली. आता फक्त सार्जंट काका आहेत, पण तेही असून नसल्यासारखेच. मराठी लिहायचा माझा सराव सुटला आहे. लॅबमध्ये दिवसभर तेलुगू नाहीतर आपली हैदराबादी हिंदी, आणि कागदावर सगळं इंग्रजी. तुमच्यासमोर हे अक्षर ठेवायची लाज वाटते. पाटबंधारे खात्याच्या ड्रॉइंग शाखेत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं अक्षर होतं तुमचं, दुधाच्या हिशेबाच्या वहीतसुद्धा छापल्यासारखं.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे, तरी मला ती लिहायची आहे, कारण ती आठवणारं दुसरं कुणी नाही. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथे तुम्हाला एक दबलेलं खोकं मिळालं होतं. आत एका जेट लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग होते, ते जोडून वीतभर लांबीचं विमान करायचं. पुढचं चाक आणि पायलटची खुर्ची मात्र खोक्यात नव्हती. तुम्ही ते खोकं घेऊन अफझलगंजला एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलात. कुलुपांच्या दुकानाला लागून एक काचेचं कपाट आणि एक स्टूल, एवढंच त्याचं दुकान. मसुरीच्या डाळीएवढं चाक करून मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. त्याने डोळ्याला भिंग लावून ते सगळे भाग बराच वेळ पाहिले आणि विचारलं, हे कशाला लागतं. तुम्ही म्हणालात, कशालाच नाही. तेव्हा तो म्हणाला, मग ठेवून जा. दिवसभर माझ्याकडे येतो त्या प्रत्येकाला घाई असते. पुढच्या रविवारी ते घड्याळवाले चाचा स्वतःच विद्यानगरला आपल्या घरी आले, काडेपेटीत कापूस आणि कापसात पितळेचं चाक. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ते चाक तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलंत आणि श्वास सोडू नकोस म्हणालात.

मग वरच्या मजल्यावरचे भाडेकरू येऊ लागले. ते दिलसुखनगरला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्टारू म्हणायचे. त्यांनी सार्जंट काकांना आणलं. काका हवाई दलातून निवृत्त झालेले इंजिन फिटर, ज्या विमानांची आपण खेळणी करत होतो त्यांच्या पोटात वीस वर्षं हात घातलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी तुमचं पूर्ण झालेलं विमान उलटं करून पाहिलं आणि सांगितलं की ही नळी इथे नसते. तुम्ही ती काढलीत आणि दुसरीकडे लावलीत, आणि त्या दिवसापासून तुमच्या टेबलावर काकांचा शब्द शेवटचा झाला. सोळा विमानांची कल्पनाही त्यांचीच. त्रिकोणी पंखांची मिग, एका स्क्वॉड्रनची पूर्ण ओळ, प्रत्येकावर वेगळा नंबर, बहात्तर पटींनी लहान. अशी किट इथे कुठे मिळायची? कुणाचा भाचा आखातातून यायचा, कुणाचा मेहुणा लंडनहून, तेव्हा एखादं यायचं. एक विमान व्हायला दीड-दोन वर्षं जायची. कापणं आणि सांधे जोडणं तुमच्याकडे, बारीकसारीक वस्तू चाचांकडे, सूचनांचा कागद वाचून मोजमाप सांगणं मास्टारूंकडे. शेपटीवर चिकटवायचे छापील नंबर पाण्यात भिजवून जागेवर सरकवायचं काम माझं. सकाळी नऊला बसायचं आणि एक वाजता उठायचं. मधे आई चुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन यायची आणि चाचा दर वेळी विचारायचे की यात नेमकं काय काय घातलंय.

माझं खरं काम मात्र दुसरंच होतं, आणि ते फक्त आपल्या तिघांना ठाऊक होतं. तो दिवस मला स्वच्छ दिसतो. आई ओट्याशी अंबाडीची भाजी निवडते आहे, तुम्ही दोन बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात येता, मागचं दार पूर्ण उघडता आणि मला जवळ बोलावता. यातली हिरवी कोणती, असं विचारता. मला वाटतं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी लगेच बोट दाखवते. तुम्ही ती बाटली उजेडात धरता, मग दुसरी धरता, आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. आई मान वर न करता म्हणते, आता तिला सांगून टाका. तेव्हा तुम्ही मला सांगितलंत की तुम्हाला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत, लाल आणि हिरव्यातही गोंधळ होतो, आणि हे घराबाहेर बोलायचं नाही. विसाव्या वर्षी तुम्ही हवाई दलासाठी गेला होतात आणि रंग तपासायच्या ठिपक्यांच्या पुस्तकाने तुम्हाला परत पाठवलं, हे मात्र तुम्ही नाही, आईने सांगितलं, बऱ्याच नंतर. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून एक खूण ठरवली. झाकणावर सुईने एक रेघ म्हणजे हिरवा, दोन म्हणजे तपकिरी, तीन म्हणजे राखाडी. तुम्ही अंगठा फिरवून बाटली उचलायचात. मी तुमच्या डावीकडे बसायचे, आणि काही चुकतंय असं वाटलं तर गुडघ्याने तुमच्या गुडघ्याला हळूच ढकलायचे. अकरा वर्षं मी तुमचे डोळे होते, अण्णा. शाळेत, कॉलेजात, मैत्रिणींमध्ये मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा, आणि तो कुणाला सांगता येत नव्हता.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाचा तो रविवार. हवाई दलात मुलींना विमान उडवायला घेतात, अशी जाहिरात पेपरात आली होती. सार्जंट काकांनी ती कापून आणली, आणि कुठूनसा अर्जही मिळवून आणला. त्यांनी तो टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि हिंदीत तुम्हाला म्हणाले की साहेब, हिचा हात बघा, हिची नजर बघा, हिला पाठवा. मी अर्जाला हात लावला नाही. मी तुमच्याकडे पाहत होते. मला खरंच वाटलं होतं की तुम्हाला आनंद होईल. तुम्ही पॉलिश पेपर खाली ठेवलात आणि मराठीत बोललात, बाकीच्यांना कळू नये म्हणून. हैदराबादेत जन्म काढलेल्या माणसांना मराठी कळत नाही, असं तुम्हाला का वाटलं कोण जाणे.

“बायकांना फायटर देत नाहीत. मग काय, ढगातून सामान वाहणार? तुझं काम या टेबलावर आहे, तिथं वर नाही.”

अर्ज तुम्ही घडी करून काकांना परत दिलात. मास्टारू सूचनांचा कागद वाचायला लागले. चाचांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि उगाच पुसत बसले. मी उठून आत गेले. त्यांना स्वतःला हवाई दलाने नाही म्हटलं होतं, त्याचं हे आहे, मनाला लावून घेऊ नकोस, असं आई म्हणाली. त्याने मला अधिकच राग आला. तुमच्या डोळ्यांना जमलं नाही म्हणून माझ्या डोळ्यांनीही इथेच बसायचं, असं मला त्या वेळी वाटलं. आजही त्यात काही चूक आहे असं वाटत नाही. तो आठवडा आपण एकमेकांशी बोललो नाही. तुम्ही ताट घ्यायला यायचात, मी पाणी ठेवून निघून जायचे.

पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. शनिवारी तुम्ही ऑफिसात गेल्यावर दुपारी मी समोरच्या खोलीत गेले आणि हिरव्या आणि तपकिरी बाटल्यांची झाकणं अदलाबदल केली. सहज झालं नाही ते, रंग वाळून झाकणं घट्ट बसली होती, फडक्याने धरून पिळावी लागली. म्हणजे थांबायला मला वेळ होता. रविवारी सातव्या विमानाच्या पंखांवर छद्मरंगाचे, म्हणजे विमान लपावं म्हणून देतात ते हिरवे-तपकिरी पट्टे द्यायचे होते. पेन्सिलीने हद्दी आखलेल्या होत्या. आधीची सहा विमानं टेबलाच्या कडेला ओळीने उभी होती. तुम्ही अंगठा फिरवून बाटली उचललीत आणि सुरुवात केलीत. तुमचा हात फार सुंदर चालायचा, अण्णा, एकदा टेकवलेला ब्रश पट्टा संपेपर्यंत उचलायचा नाही. मी डावीकडे बसले होते आणि माझा गुडघा मी लांब ठेवला होता. डावा पंख झाला, उजवा झाला. मग तुम्ही ते विमान उचलून त्या सहांच्या शेजारी ठेवलंत आणि थोडे मागे सरकून विचारलंत, कसं काय. जिथे जिथे त्या सहांवर हिरवा होता, तिथे तिथे याच्यावर तपकिरी होता.  पूर्वेच्या खिडकीतून टेबलावर लख्ख ऊन पडलेलं, आणि चाचा म्हणाले, “आज उजाला कम है साब. अगले इतवार को देखेंगे.”

तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे पाहिलंत. मग बाटली उचललीत, झाकणावर अंगठा फिरवलात, आणि ती पुन्हा खाली ठेवलीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. ब्रश थिनरमध्ये धुतलात, फडक्याला पुसलात, त्याची टोकं बोटांनी जुळवलीत आणि तो माझ्यासमोर ठेवून म्हणालात की इथून पुढे रंग तू देत जा. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलले असते. त्यानंतर तुम्ही पुन्हा ब्रश हातात धरला नाहीत, आठ वर्षं, शेवटपर्यंत. मी थिनर लावून ते पंख पुसून काढले तेव्हा प्लास्टिक खरबरीत झालं. त्यावर कितीही रंग दिला तरी सातवं विमान जवळून पाहिलं की आजारी दिसतं.

अर्जाची तारीख उलटून गेली. मी तो विषय काढला नाही आणि तुम्हीही काढला नाहीत. पुढे मी दंतवैद्यांसाठी दात बनवायचं काम शिकले. त्यात रंग जुळवावा लागतो, माणसाच्या उरलेल्या दातांशी. माझ्यासारखा रंग जुळवणारं या भागात कुणी नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही एकदा लॅबमध्ये आला होतात. दातांच्या रंगांची पट्टी हातात घेऊन तुम्ही म्हणालात की हे सगळे तर एकसारखेच आहेत, आणि हसलात. मी हसले नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं. तुम्ही बोलायला दार उघडत होतात की काय, कोण जाणे.

तुम्ही गेलात तेव्हा अकरा विमानं झाली होती. दहाव्या-बाराव्याला चाचा, मास्टारू, काका तिघेही आले आणि ओसरीवर बसून म्हणाले की सोळा पुरी करू. करायला घेतलीही. पण तुमच्यासारखे सांधे कुणाला जमेनात. बारावं विमान नाकाशी थोडं वाकडं आहे. मग एक काळ असा आला की पुण्याची चार-पाच मुलंमुली यायला लागली, हायटेक सिटीतल्या कंपन्यांतली. त्यांच्याकडे रंग फवारायची यंत्रं होती आणि परदेशातून दोन दिवसांत किट यायची. वागायला चांगली होती. पण आपली ओळ पाहून त्यातली एक मुलगी म्हणाली, “मावशी, यावर ब्रशच्या रेघा दिसतात ना, ते थोडं खेळण्यासारखं वाटतं.” तिला दुखवायचं नव्हतं, आणि ते खरंच होतं. पाच-सहा रविवारांनंतर त्यांनी फोनवर स्वतःचा ग्रुप केला. मलाही त्यात घेतलं. रोज फोटो येतात, एकाहून एक सुरेख. मी छान म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवते. मास्टारू मुलाकडे अमेरिकेला गेले, तिकडून त्यांच्या बागेतल्या खारीचे व्हिडिओ येतात. चाचा कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या मुलाने दुकान देऊन टाकलं, भिंग कुठे गेलं ते मला विचारवलं नाही. आई त्याच्याही आधी गेली होती. विद्यानगरचं घर बिल्डरला दिलं आणि मी दिलसुखनगरला फ्लॅटमध्ये आले. सगळी विमानं एका कपाटावर उभी आहेत. धूळ पुसायला गेलं की एखादी चाकाची दांडी तुटते, आणि आता ती लावायचा उत्साह राहिलेला नाही.

राहिलो होतो काका आणि मी. ते अल्वालला मुलाकडे राहायचे. दर रविवारी मी डब्यात चार भाग, प्लास्टिक चिकटवायच्या सिमेंटची ट्यूब आणि चिमटा घेऊन जायचे. त्यांच्या विसरण्याला सुरुवात झाली होती, पण हाताला काम दिलं की ते ताळ्यावर यायचे. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी आम्ही चौदाव्याचे पंख घासत होतो. मी काहीच विचारलेलं नसताना ते म्हणाले की साहेबांना रंग दिसत नव्हते, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. चाचांना, मास्टारूंना, सगळ्यांना. हवाई दलात अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. साहेबांना बरं वाटतंय ना, मग कशाला बोलायचं, असं ठरलं होतं. माझ्या हातातला पॉलिश पेपर थांबला. मी विचारलं, मग त्या तपकिरी पंखांच्या दिवशी? ते माझ्याकडे न पाहता घासत राहिले आणि म्हणाले, “उस दिन हम लोगां उनकू नै देख रहे थे, अम्मा. तेरेकू देख रहे थे.”

अण्णा, मी तुमचं गुपित फोडलं असं इतकी वर्षं समजत होते. फोडायला तिथे काही नव्हतंच. सगळ्यांसमोर त्या दिवशी उघडी पडले ती मी. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुम्ही ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे गेला होतात. अर्ज परत मागून घेतलात. रविवारी सगळे उठून गेल्यावर तिला देईन, असं म्हणालात. तो तुमच्या शर्टाच्या खिशात होता, असं ते म्हणाले. मी त्या दुपारी झाकणं पिळत होते, आणि तुम्ही अर्ज मागायला निघाला होतात. ऐकल्यावर मी उठून त्यांच्या मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मग मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. या वेळी ते म्हणाले की साहेब आले होते, पण शनिवारी नाही, रविवारच्या नंतर. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले की अर्ज मास्टारूंच्या पुतणीसाठी होता. नंतर एकदा म्हणाले, कसला अर्ज. मी मास्टारूंना फोन केला, त्यांना काहीच आठवत नव्हतं. विद्यानगरहून आणलेली तुमची ट्रंक मी तीन वेळा उपसली. त्यात तुमचा वैद्यकीय तपासणीचा कागद सापडला, रंग ओळखण्यास असमर्थ असा शिक्का असलेला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून ठेवलेला. माझा अर्ज मात्र नव्हता. नसणं हा पुरावा होत नाही, हे मला कळतं. तुम्ही तो फाडला असेल. किंवा तो कधी तुमच्याकडे आलाच नसेल आणि काकांच्या थकलेल्या डोक्याने मला बरं वाटावं म्हणून, नाहीतर वाईट वाटावं म्हणून, रचला असेल. दोन्हीपैकी कुठलं खरं असावं असं मला वाटतं, हेही मला ठरवता येत नाही. तुम्ही आला असाल, तर माझं आयुष्य मी माझ्या हाताने, फडक्यात धरून पिळलं. आला नसाल, तर तुम्ही मला खरंच टेबलावरच ठेवायला निघाला होतात.

मधे टीव्हीवर ती मिग शेवटची उडताना दाखवली. सेवेतून काढली ती आता. मी मुद्दाम काकांशेजारी बसून पाहिलं. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं, आणि मला विचारलं, हे कुठलं विमान आहे. त्याच आठवड्यात हवाई दलाच्या बातमीत एक मुलगी फायटरच्या शिडीवर उभी होती, हेल्मेट बगलेत धरून. पंचवीस-सव्वीसची असेल. मी चॅनल बदलला.

काकांच्या मुलाची बदली विशाखापट्टणमला झाली आहे. काल सोमवारी ते सगळे गेले. म्हणून परवाचा रविवार शेवटचा होता. मी गेले तेव्हा घरात खोकी बांधलेली, आणि काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसले होते. सून म्हणाली की आज सकाळपासून फार छान आहेत, वर्षभरात असे पाहिले नाहीत. मला पाहताच त्यांनी नावाने हाक मारली. आईला जाऊन सहा वर्षं झाली ना, असं विचारलं, आणि ते बरोबर होतं. चाचांची आठवण काढली, सुशीला कसा मागून खायचे ते सांगून हसले. मी डब्यातून पंधराव्याचा सांगाडा काढला, तर हातात घेऊन म्हणाले की मागचं चाक उलटं बसवलं आहेस. खरंच उलटं होतं. दीड तास आम्ही तिथे बसलो. ओळ पुरी होणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि तसं ते म्हणालेही, काही विशेष नसल्यासारखं. सून चहा ठेवून आत गेली. मग त्यांनी पंधरावं डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण लावलं, आणि माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, “कुछ पूछना है क्या, अम्मा?”

त्यांच्या डोळ्यांत धुकं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं मी काय विचारणार ते.

मी म्हणाले, “नै काका, ऐसेच आयी.”

हे पत्र कुठे पाठवणार? लिहून झालं की लॅबच्या जुन्या रजिस्टरांत जाईल आणि त्यांच्याबरोबर रद्दीत. वर पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं की काका असून नसल्यासारखे आहेत. परवा ते पूर्ण होते. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला सांगितलं की बोलण्याच्या नादात विचारायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं, अण्णा.